पुड्यांची अदलाबदल

प्रिय धाकटे,

सात मिनिटांनी का होईना, धाकटी ती धाकटीच. तेव्हा निमूटपणे शेवटपर्यंत वाच. महिनाभर तुझा फोन उचलला नाही, त्याचं कारण आज लिहिते आहे.

आपण जुळ्या म्हणून प्रयोगशाळेतल्या बाईंनी आपल्याला गाठलं. एकीला जिवंत जिवाणूंच्या पुड्या, दुसरीला नुसती पांढरी पूड. कुणाला काय, ते कुणालाच ठाऊक नाही. वयाबरोबर शरीराला आतून गंज चढतो म्हणे, तो हे जिवाणू अडवतात का, ते आपल्या रक्तावरून बघायचं होतं. बाई त्याला अँटिऑक्सिडंट की काय म्हणत. पण तीस वर्षं डेअरीत दूध तपासलेल्या बाईच्या हाती पुडी दिल्यावर ती गप्प बसेल होय? मी पहिलीच पुडी कोमट दुधात घातली. दही असं घट्ट लागलं की वाटी उलटी केली तरी पडेना. जिवंत पुड्या माझ्याकडे! तुला फोन करून केवढी फुशारकी मारली मी.

तू मात्र खूश झाली नाहीस. सांध्यांसाठीची नवी गोळी अजून घेतेस का, एवढंच विचारलंस आणि पुड्या बंद कर म्हणालीस. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. लहानपणी खिडकीजवळचा पलंग तुलाच, नवा स्वेटर आधी तुलाच. आता म्हातारपण तेवढं माझ्या वाट्याला? मग तू चार दिवस राहायला आलीस. जाताना पिशवी छातीशी धरून जिना उतरलीस. त्याच दिवशी पुन्हा एक पुडी दुधात घातली, तर दूध पातळ ते पातळच. पुढच्या तीन पुड्यांचंही तेच.

संशयाचं भूत मानगुटीवर बसलं ते बसलंच. तुझा फोटो भिंग घेऊन पाहिला. तुझ्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या मोजल्या, आरशात माझ्या मोजल्या. माझ्या दोन जास्त निघाल्या. सख्खी बहीण चोर निघाली, असं शेजारणीला सांगून मोकळीही झाले.

काल बाईंचा फोन आला. तू पुड्या परत केल्यास, दोघींच्या पुड्यांची अदलाबदल तुझ्याच हातून चुकून झाली म्हणालीस आणि बोलणी खाल्लीस. माझ्याकडून नेलेली एकही पुडी तू फोडली नव्हतीस. आपली दोघींची नावं कटली. जाता जाता त्यांनी विचारलं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध तर चालू नाही ना. तशा माणसाला जिवंत जिवाणू धोक्याचे ठरू शकतात, म्हणून तर फॉर्मवर तो प्रश्न असतो. माझी सांध्यांची नवी गोळी तसलीच. नाव गळू नये म्हणून मी तिथे ‘औषध नाही’ असं लिहिलं होतं. खरं काय ते फक्त तुला ठाऊक होतं, आणि तू ते त्यांना सांगितलं नाहीस.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं मी. शेजारणीकडे आजच जाऊन आले. सोमवारी बाईंपुढे त्या खोट्या ओळीची कबुली देणार आहे, पण प्रयोगशाळेच्या पायऱ्या एकटीने चढायची लाज वाटते. येशील ना माझ्याबरोबर? पत्र मिळताच फोन कर. पहिल्याच घंटीला उचलीन.

तुझीच,
सात मिनिटांनी मोठी, अकलेने कितीतरी धाकटी