मेणाचा हात

१४ ऑक्टोबर

अंगठा पुन्हा उडाला. डावा. कॉफी ओतत होते, तो आपला आपणच उडाला — मला न विचारता!

आमच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलंय. "काही असेल, नसेलही, दोना लिबान्या. ते बघतील." तारीख मिळाली आहे १९ नोव्हेंबर. तोवर काय करायचं?

"जगायचं," आदेलिनु म्हणाला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. चाळीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर!

१५ ऑक्टोबर

सकाळभर उडाला नाही. मग दुपारी त्याच्याकडेच बघत बसले. उडाला.

१८ ऑक्टोबर

मुलीनं लक्झेंबर्गहून फोनवर बजावलं, "आई, इंटरनेटवर काही वाचू नकोस." ठेवला फोन आणि वाचलं. अशा थरथरीच्या रोगात आधी वास येईनासा होतो म्हणे. मग अक्षर बारीक होत जातं.

वरच्या ओळींशी ताडून पाहिलं. शाळेत सिस्टर पुरिफिकासांवनी घोटून घेतलेलं गोल वळण आहे माझं. 'अक्षराला श्वास घेऊ द्या, मुलींनो,' म्हणायच्या. खिडकीत बसून लिहायचो आम्ही, बाहेर लिंबाची झाडं. आजच्या ओळी लहान वाटतात. की पेनच बारीक आहे?

फेलिझमिना मावशीचा चमचा सारखा कानात वाजतोय. सूप पिताना ताटलीवर टिण टिण टिण. शेवटी शेवटी आई तिच्या हनुवटीखाली फडकं बांधून भरवायची. मावशी डोळे मिटून घ्यायची. भुकेपेक्षा लाज मोठी.

मला कोण भरवणार? आदेलिनु? त्याच्याच्यानं मांजराला दूध घालणं होत नाही!

१ नोव्हेंबर

सगळ्या संतांचा दिवस. आईच्या आणि मावशीच्या कबरींवर शेवंती ठेवली. मी पुढे, आदेलिनु पाय फरफटत मागे. उजवा हात खिशात घालून, मोठा जमीनदारच! फुलांच्या कुंड्या मी एकटीनं वाहायच्या.

"चल की रे! मेलेली माणसं काय पळून जातायत?"

"म्हणून तर सावकाश येतोय," तो म्हणाला. इतक्या हळू, की दोनदा विचारावं लागलं. हल्ली माझ्याशी बोलायचासुद्धा कंटाळा.

मावशीच्या दगडाशेजारी रिकामी जागा आहे. बघायचं नव्हतं, तरी बघितली.

३ नोव्हेंबर

आरोग्यमातेला नवस बोलले. चॅपलच्या पायथ्याशी कुश्तोदियाचं मेणाचं दुकान. वर दोऱ्यांना पाय, डोकी, छात्या, तान्ही बाळं लटकलेली.

"कुठला अवयव?"

इथेच अडले. थरथर हातात, पण रोग असलाच तर डोक्यात. "डॉक्टरांनी अजून सांगितलं नाही गं."

"मग जिथे खोड दिसते तोच घे. आरोग्यमातेला वैद्यकी शिकवायला जाऊ नकोस!"

तर डावा हात संपलेला. सगळे उजवे. म्हटलं, हा कसा चालेल?

"बाई, तिला डावं-उजवं कळतं. तू फक्त नीट सांग म्हणजे झालं."

घेतला. आदेलिनुनं तो कागदात गुंडाळून डाव्या काखेत धरून वर आणला. मी चॅपलच्या भिंतीवर टांगला आणि गुडघे टेकले. डावा गं माते, डावा. माझा, लिबान्याचा. चार वेळा सांगितलं. घरी येईस्तोवर घोर लागला — तिनं उजवाच बरा केला तर?

७ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. सुईत दोरा गेला नाही.

११ नोव्हेंबर

संत मार्तिनुचा दिवस. चेस्टनट भाजायला ठेवून अंगणात कपडे वाळत घालत होते. एकदम जळका वास! धावत आत आले. चेस्टनटचा कोळसा झालेला, स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, आणि आदेलिनु चुलीशेजारी ढिम्म.

"अरे, जळतंय! नाक आहे की नाही तुला?"

"कसला वास?" म्हणाला.

मला हसू फुटलं. मला वास आला होता! थेट अंगणात! त्याच्या गालाचा मुका घेतला. तो नुसता बघत राहिला.

संध्याकाळी पुन्हा वाचलं. काही जणांना वास येत राहतो म्हणे. संपलं.

१४ नोव्हेंबर

सकाळी म्हणतो, "अगं, बाहीची बटणं लाव ना." मी! या हातांनी! लावली. रडू आवरलं नाही, तर विचारतो, काय झालं. माझं काय चाललंय ते या माणसाला दिसतच नाही का?

देवा, काय असेल ते त्याचं नाव तरी सांग. नाव कळलं तर त्याच्याशी भांडता येईल. हे असं रोज थोडं थोडं मरणं नको.

१८ नोव्हेंबर

निळा झगा इस्त्री केला. उद्या.

१९ नोव्हेंबर

डॉक्टर पोरसवदा. बोटं आपटायला लावली, लिहायला लावलं, चालायला लावलं. मग म्हणाला, "दोना लिबान्या, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. काळजी कमी करा, कॉफी कमी करा."

मी तिथेच हुंदके देऊन रडले. आदेलिनु माझा कोट घेऊन खुर्चीतून उठायला लागला. एकदा बसला, दुसऱ्यांदा उठला. डॉक्टर आता माझ्याकडे बघतच नव्हता.

"सेन्योर आदेलिनु, जरा दारापर्यंत चालून दाखवता?"

तो चालला. पाय फरफटत.

"चालताना हा उजवा हात कधीपासून हलत नाही?"

आदेलिनुनं माझ्याकडे बघितलं. उत्तर मला माहीत असणार, असं.

२० नोव्हेंबर

चॅपलला जाऊन आले. मेणाचा हात होता तिथेच आहे. उजवा. मातेला फक्त नाव बदलून सांगितलं.