भावानं माझा हात धरला

प्रिय मंगल,

उद्या भावाचा उपवास, परवा नागपंचमी. आज दुपारी आपल्या आईनं माझ्या सहा वर्षांच्या रेवाला जवळ घेऊन सांगितलं, "तुला भाऊ न्हाय कोण म्हणतं? नागोबा हाय की." तीसहून जास्त वर्षं गेली, तुला कधी लिहिलं नाही. आज लिहिते आहे.

आपल्यालाही भाऊ नव्हता. गल्लीतल्या पोरी आपापल्या भावाचा उपवास धरायच्या. तू विचारलंस, आपण कुणाचा धरायचा? आई म्हणाली, नागोबाचा. आणि पंचमीच्या पूजेला बांधावरच्या वारुळापाशी गेलो, तर तिथं कागदाच्या पुडीत हिरव्या बांगड्या. "माझ्या भावानं आणल्या," म्हणत तू गावभर हात दाखवत फिरलीस.

दुसऱ्या वर्षी पुडी ठेवताना मी आपल्या वडिलांना, दादांना पाहिलं. ते म्हणाले, "मंगीला सांगू नको. तिचा भाऊ कशाला काढून घेतीस?" मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या वर्षी पुडी मीच ठेवली. वर तुला सांगितलं, तो तुझी चौकशी करत होता. इतकं खोटं बोलायची काय गरज होती मला? पण तुझा चेहरा असा खुलायचा की बोलावंसं वाटायचं.

त्याच वर्षी उडीद काढायच्या दिवसांत आई-दादा रानात होते. कुणीतरी तुला चिडवलं, "कुठं हाय तुझा भाऊ? दाखव." तू त्याला आणायला एकटीच वारुळाकडं गेलीस.

परत आलीस तेव्हा मी ओसरीवर शेंगा फोडत होते.

"आक्का, भावानं माझा हात धरला."

"व्हय का? मग घरी का न्हाय आणलास?"

"आत गेला. हात दुखतोय."

"लाडका हाय ना, जोरात धरला असंल."

मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. भाऊ आपल्याच घरात रचलेला, हे मला माहीत होतं. मग त्यानं धरलेला हात खरा कसा असेल? तू आत जाऊन पडलीस. आई आली तेव्हा तुझ्या पापण्या उघडत नव्हत्या. जीप भूमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तू रडली का नाहीस गं? रडली असतीस तर मी बघितलं असतं.

दादा वाईट नव्हते. त्या तीन पंचम्यांइतकी आनंदी मी तुला कधी पाहिली नाही, हेही खोटं नाही. पण गोष्ट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त लेकराला नसतं. आणि ते एकटंच तिच्यामागं चालत जातं.

आज मी आईला म्हणाले, "तू तरी तिला हे सांगू नको." ती म्हणाली, "मग काय सांगू? तुला कुणी न्हाय म्हणून सांगू?"

दादा गेले, ते तू कुणाला काहीच बोलली नाहीस असं समजून. आई अजून म्हणते, "लेकरानं तोंडातनं शब्द काढला न्हाय." तू मला सांगितलं होतंस, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही.

रेवाला मी सांगेन, नागोबा साप आहे, लांबूनच हात जोडायचे. पण त्याआधी आईजवळ बसेन. तू बोलली होतीस, मंगल, हे तिला सांगेन. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. तरी सांगेन.

तुझी,
आक्का