खौलाच्या नऊ प्लगइनांची जन्मनोंद

स्फाक्स, मंगळवार

प्रिय मबरूकाताईस,

धाकट्या शाद्लीचा सलाम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींनी मीठ खरंच सोडलं, की सोडल्याचं नुसतं सांगतात? इकडे अल्लाच्या कृपेने सगळं ठीक (डोकं सोडून, ते ठिकाणावर नाही).

तुझ्या लेकीने मला कामाला लावलं हे तुला तिने सांगितलंच असेल, कसं लावलं ते सांगितलं नसणार. खौला इंटरनेटवरच्या दुकानांसाठी प्लगइन बनवते. एक गिऱ्हाइकांना निरोप धाडतो, एक माल संपल्याची पाटी लावतो, असे एकूण नऊ. पण ते वापरायचे कसे, ही माहिती मात्र दाही दिशांना. काही पत्रांत, काही फोनवर बोलून पाठवलेली, आणि एकाची तर औषधाच्या पावतीमागे (औषध संपलं, खोकला आहे). म्हणाली, "मामा, एकतीस वर्षं अख्ख्या गावाचे जन्म नोंदवलेस, माझी नऊ पोरं तुला जड झाली होय?" जन्मनोंदणी कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला असं म्हटलं की तो विरघळतोच. मी जाड वही आणली, रकाने आखले आणि पहिल्याच रकान्यात अडकलो. जन्मतारीख विचारली तर म्हणे, "कुठल्या आवृत्तीची?" एका आईची लेकरं, पण वाढतात आपापल्या मर्जीने. थोरलं चौथ्या आवृत्तीत, आणि त्याच्या पाठचं तीन वर्षं झाली तरी 'शून्य पूर्णांक नऊ', म्हणजे अजून जन्मलंच नाही आणि गिऱ्हाइकं सांभाळतंय! एका सोमवारी मी सगळ्यांची माहिती एका वहीत नीट बसवली. बुधवारपर्यंत त्यातली दोघं बदलली होती. शेवटी वैतागून नियम केला: नवं पान आलं की जुनं फाडायचं.

आता कैरवानच्या वहीदाबाईंचं ऐक. त्या खजूर भरलेले मक्रूद विकतात, आणि त्यांच्या शब्दावर त्या गल्लीतल्या अकरा दुकानांनी खौलाचे प्लगइन घेतलेत. बाई गेल्या की गल्ली गेली. ईदला चार दिवस होते. निरोप नीट जातो का हे बघायला बाईंनी खौलाने धाडलेलं माझं नवंकोरं पान उघडलं. त्यात लिहिलेलं: 'उजवीकडचं बटण दाबा, नमुन्याचा निरोप फक्त तुम्हालाच येईल.' नव्या आवृत्तीत ते खरंच आहे. बाईंकडे दोन वर्षांपूर्वीची, आणि तिच्यात तेच बटण सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम कळवतं: 'तुमचे मक्रूद तयार आहेत, घेऊन जा.' रवा अजून भिजलेलासुद्धा नव्हता. तासाभरात बाईंचा फोन: "शाद्लीसाहेब, अर्धं कैरवान माझ्या दारात उभं आहे. त्यांना काय वाढू, तुमचं पान?"

खौलाने एवढंच विचारलं, "मामा, जुनी पानं कुठायत?" मी म्हणालो, "फाडली." ती नुसती खुर्चीत बसली. ताई, ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी लुआज टॅक्सी पकडून कैरवानला गेलो (आठवा प्रवासी मिळेपर्यंत ती हलली नाही, आणि मग वाटभर बाकीचे सातही जण माझ्या चुकीवर आपापलं मत देत होते). माफी मागितली. बाई म्हणाल्या, "माफी तळता येत नाही. हात धुवा, खजूर भरा." संध्याकाळपर्यंत भरले. मग त्यांनी मला संगणकासमोर बसवलं, त्यांना पडद्यावर काय काय दिसतं ते मोठ्याने सांगितलं, आणि मी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं: 'हे बटण दाबू नका. दाबायचंच असेल तर आधी रवा भिजवा.' लिहिता लिहिता मान खाली गेली. कचेरीत मी कधी मेलेल्या माणसाचं पानही फाडलं नाही, आणि इथे जिती जुनी माणसं बेलाशक फाडली होती.

आता प्रत्येक प्लगइनची वेगळी वही, प्रत्येक आवृत्तीचं वेगळं पान, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: 'आधी तुमच्याकडची आवृत्ती कुठली ते बघा.' फाडलेली पानं खौलाच्या जुन्या पत्रांतून एकेक करून पुन्हा लिहिली. वहीदाबाई राहिल्या, गल्लीही राहिली. भावजींना सलाम.

तुझा धाकटा,
शाद्ली

ता. क. ताई, हे पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. प्लगइन म्हणजे नेमकं काय गं? करतो काय ते मला ठाऊक आहे. पण असतो कसा, राहतो कुठे? पहिल्या दिवशी विचारायचं राहिलं, आता तीन महिन्यांनी विचारायला तोंड नाही. तू आपली सहज विचारतेस असं दाखवून विचार आणि मला कळव.

दुसरा ता. क. खौलाने मागे उभं राहून हे सगळं वाचलं. पोट धरून हसली आणि म्हणाली, "मामा, मुळीच विचारू नकोस. तुला कळलं की तुझं लिहिलेलं कुणाला कळायचं नाही." हे कौतुक आहे की काय, ते काही मला उमगलेलं नाही. तू विचारच. पण हळूच.