चीर पडलेल्या पुंगळ्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

शूटिंग रेंजवर केर काढताना चौथ्या लेनमध्ये काडतुसांच्या तीन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. आपल्या नाहीत! आपल्या रेंजवर फक्त टू-टू रायफलची बारीक काडतुसं चालतात, करंगळीच्या पेराएवढी. या चांगल्या बोटभर लांब, जाड, पितळ काळवंडलेलं. काल सोमवार, रेंज बंद. मग इथे नेम धरून गेलं कोण?

मापं घेतली. बुडावरचा शिक्का एक सांगतो, तोंडाचं माप भलतंच. लांबीही शिक्क्याला जुळत नाही. सगळे कॅटलॉग पालथे घातले — असं काडतूस कुणी बनवतच नाही. डोकं उठलं.

५ नोव्हेंबर

क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांना दाखवल्या. फोनवर बोलता बोलता एक उचलली, हुंगली, ठेवली. "भंगारात टाका हो मॅडम. नसतं लचांड कशाला?" म्हटलं, बंद दिवशी कुणीतरी मोठी रायफल घेऊन आत शिरतंय. "काही चोरीला गेलंय का? नाही ना? मग?"

वॉचमन त्याहून थोर. त्याने आवाज ऐकला होता. कळवलं का नाही? "मॅडम, रेंजवर गोळीचा आवाज आला, यात कळवायचं काय?"

कपाळ माझं.

७ नोव्हेंबर

कुर्त्याच्या खिशातली पुंगळी वॉशिंग मशीनमध्ये गेली. खडखड ऐकून सासूबाईंनी मेकॅनिकला बोलावलं. नवरा अजून हसतोय. मला हसू येत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

बंदूकवाल्या आजोबांकडे गेले. एवढ्या वर्षांत त्यांनी दुरुस्त केली नाही अशी बंदूक नसेल. भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "ही घरी घडवलीय. मोठी पुंगळी कापायची, तोंड रुंद करायचं. जुन्या रायफलींची काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली की हौशी लोक असं करायचे."

चला, एवढं तरी कळलं! पण त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "बुडाच्या जरा वर बघ." केसासारखी चीर. तिन्हींना.

"पितळ थकलंय. पुन्हा पुन्हा दारू भरून किती वेळा वापरलंय कोण जाणे. एक दिवस इथूनच तुटणार आणि जाळ मागे येणार, चालवणाऱ्याच्या तोंडावर. जो कोणी असेल त्याला थांबव, पोरी."

थांबव म्हणे. कुणाला?

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून रिकाम्या रेंजवर खुर्ची टाकून बसले. चिटपाखरू नाही. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले, म्हणून कोपऱ्यावर जाऊन चार घास खाऊन आले. परत येते तर चौथ्या लेनमध्ये दोन पुंगळ्या! जळलेल्या बंदुकीच्या दारूचा वास अजून रेंगाळत होता. मागच्या गेटला कुलूप जसंच्या तसं. वॉचमन म्हणतो, "मला वाटलं तुम्हीच आहात."

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. या दोन्हींनाही चिरा आहेत, आधीच्यांपेक्षा लांब.

११ नोव्हेंबर

पोलीस चौकीत गेले. "तक्रार कुणाविरुद्ध?" तेच तर माहीत नाही. "मग माहीत झालं की या."

१३ नोव्हेंबर

काल मी रेंजच्या फळ्यावर लिहिलं होतं — 'चौथ्या लेनवर मोठी रायफल चालवणाऱ्याने पुढची गोळी झाडू नये, जिवाला धोका आहे. रागावणार नाही, फक्त भेटा.' खाली कुणीतरी लिहून ठेवलंय, 'चहा मिळेल का?' गावाचा पोरखेळ नुसता.

संध्याकाळी आजोबांचा फोन. "कापलेली कड पुन्हा पाहिली. इतकं साफ काम मी एकाच घरात पाहिलंय. तुझ्या मास्तरांच्या."

मास्तरांनी मला रायफल धरायला शिकवली. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. गेलेला माणूस गोळ्या झाडायला येतो होय? चिडून फोन ठेवला.

मग आठवलं. मागच्या गेटची एक किल्ली मास्तरांकडे असायची. ती परत मागायचं कुणाला सुचलंच नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मास्तरांच्या घरी गेले. मास्तर गेल्यापासून काकू एकट्याच असतात. टेबलावर पुंगळ्या ठेवल्या. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"माझ्याच. रायफल माझ्या वडिलांची. काडतुसं हे भरून द्यायचे. दर सोमवारी दोघंच जायचो तिथे, तुम्ही कुणी नसताना. डब्यात उरलीत अजून थोडी."

माझा तोल सुटला. दहा दिवसांचा सगळा राग त्यांच्यावर काढला — नियम, परवाना, किल्ली, माझी नोकरी, काय काय बोलले! "उद्या तोंडावर फुटली असती म्हणजे? चीर दिसली नाही का तुम्हाला?"

काकू पुंगळ्या एका रांगेत लावत बसल्या. म्हणाल्या, "जेवून जातेस?" मी तशीच उठून आले. किल्ली घ्यायचंही राहिलं.

घरी येऊन पुंगळ्यांचा विषय संपला असं जाहीर केलं. नवरा म्हणाला, "सुटलो." पण जेवताना एकच डोक्यात — चिरेचं काकूंनी उत्तरच दिलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच परत गेले. तोच प्रश्न विचारला, या वेळी न ओरडता. काकू म्हणाल्या, "दिसली होती गं. पहिल्याच सोमवारी. तरी पुढच्या सोमवारी गेलेच."

रायफल आणि उरलेली काडतुसं घेऊन आले. काकूंनाही घेऊन आले. सासूबाईंनी कारण विचारलं नाही. आपल्या शेजारी काकूंची गादी घातली.