आत्याबाईच्या जंतांचा निकाल, अडतीस वर्षांनी

तीर्थस्वरूप दाजी,

गुडघे परवानगी देतील तेवढा वाकून नमस्कार. (पूर्वी साष्टांग घालत असे. आता घातला तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात मी धरून तीनच आहेत.) तुमचा खोकला, अक्काचे सांधे आणि परसातलं ते हट्टी लिंबाचं झाड, तिघांची खुशाली कळवावी. मी इकडे ठीक आहे; म्हणजे दात, रक्तदाब आणि स्मरणशक्ती सोडून ठीक. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण चौथीच्या पुस्तकातली नदीवरची कविता अकराच्या अकरा कडव्यांसह म्हणून दाखवतो, सुनेची इच्छा असो वा नसो.

पत्रास कारण आत्याबाई. दचकू नका, माझी आत्या नव्हे, ती बिचारी कधीच गेली. मी घोडीबद्दल लिहितोय. घोडेस्वारीच्या शाळेतली आपली ती तांबूस घोडी, जी तुमच्याशिवाय कुणाला खरारा करू देत नसे, आणि मालक दिसले की कान मागे पाडून, न कळवता जेवायला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी बघे. तुम्ही तिचे मोतद्दार आणि मी तिथला लीद तपासणारा. (लोक विचारत, काय करता? मी म्हणे, सूक्ष्मदर्शकावर असतो. पुढचं ते विचारत नसत आणि मी सांगत नसे. तुमच्या लग्नाच्या बोलणीतही अक्काचा भाऊ 'शास्त्रीय कामात' होता, हे तुम्हाला आठवत असेल.)

काय दिवस होते हो ते! सकाळच्या उन्हात पागेत भुशाचे कण तरंगायचे, घोडी फुरफुरायची, आणि मी खिडकीपाशी लीद मिठाच्या पाण्यात कालवत बसलेला. ती गाळायची, जंतांची अंडी वर तरंगली की काचेवर घ्यायची आणि मोजायची. मोजताना मी भुजंगप्रयात म्हणत असे. ओळीत अक्षरं बारा, म्हणजे अंडी बारा. चार ओळींचं कडवं पुरं झालं की अठ्ठेचाळीस. चूक व्हायची सोय नाही. शिवाय जंतांना हे वृत्त शोभूनही दिसे. तुम्ही दारात उभे राहून ओरडायचात, "अहो कविराज, मोजताय की गाताय?" मला त्याचा राग यायचा. आता ते कुणी ओरडत नाही याचं वाईट वाटतं.

मग ते पंधरा दिवस आले. तुम्ही सारखं सांगत होता की ती चारा सोडतेय, मान वळवून पोटाकडे बघतेय, हिच्या आत काहीतरी वाईट शिरलंय. लीद तुम्ही स्वतः डब्यात घालून आणून दिलीत. मी वहीत लिहिलं, 'साधे जंत, अगदी थोडे, औषधाची गरज नाही.' दहाव्या दिवशी आत्याबाई पोटशूळ उठून गेली. मालकांना कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं, आणि जंत तर माझ्या वहीने निर्दोष सोडले होते, उरलात तुम्ही. मोतद्दाराने ओला चारा घातला, असं ठरलं. आठवड्याच्या आत तुमचं काम गेलं, अक्काला मांडलेलं घर मोडून तुमच्याबरोबर गाव सोडावं लागलं, आणि ज्या माणसाच्या शिट्टीवर बारा घोडी माना वर करत, त्याने उमेदीची सारी वर्षं दोरखंडाच्या कारखान्यात घालवली. मी निरोप द्यायलाही आलो नाही. (ताप होता असं कळवलं होतं. नव्हता.)

आता मुद्दा. घोडीला फाडून पाहिलं तेव्हा आतड्याजवळच्या एका नसेतून चार-पाच बारीक धाग्यांसारखे किडे निघाले. डॉक्टरांनी ते 'सावकाश बघू' म्हणून स्पिरिटच्या बाटलीत टाकले, आणि सावकाश बघण्याआधीच त्यांची बदली झाली. बाटली मी घरी आणली. का, ते विचारू नका. अडतीस वर्षं ती शाळेच्या कवितांच्या पुस्तकांमागे होती. गेल्या महिन्यात सुनेने कपाट आवरताना बाहेर काढली आणि अत्यंत हळुवारपणे विचारलं, "बाबा, हे तुमच्यातलं काढलेलं आहे का?"

माझी नात हल्ली जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत आहे. तिने बाटली उजेडात धरली, आणि डोळ्यांत अशी चमक आली की तशी आमच्या घरात सोनं बघूनही कुणाच्या आली नसेल. म्हणाली, स्पिरिटमध्ये आहेत म्हणजे यांचा डीएनए अजून वाचता येईल, प्रयोगशाळेत घेऊन या. मी बसने निघालो. बूच जुनं, वास सुटलेला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काका, निदान या वयात तरी सोडा." मी म्हटलं, अहो, यात किडे आहेत. तर म्हणतात, "दिसणारच. माझ्या मेव्हण्यालाही दिसायचे," आणि उठून पुढे जाऊन बसले.

प्रयोगशाळेत नातीने बजावलं होतं की कशाला हात लावायचा नाही. पण एक किडा काचेला चिकटून बसला, आणि चाळीस वर्षांची सवय. मी बोटाने काढून दिला. आठवड्याने तिचा फोन. "आजोबा, तुमचा जंत वाचला. तो जंत नाही."

"मग काय आहे?"

"तुम्ही आहात."

माझ्या बोटाची कातडी त्याला लागली होती म्हणे, आणि यंत्राने जंत सोडून मलाच वाचलं. (आयुष्यात इतकं बारकाईने मला कुणीच वाचलेलं नाही. कविता पाठवल्या होत्या तेव्हा संपादकांनीही नाही.) दुसऱ्या खेपेला मला बाहेर बाकावर बसवलं आणि उरलेले किडे तपासले. निघाला तो मोठा रक्तजंत. हा लहानपणी आतड्याच्या नसांत शिरून बसतो, रक्ताची वाट अडवतो आणि घोडं तडफडून मरतं. ओल्या चाऱ्याचा काडीचा संबंध नाही. तुम्ही म्हणालात ते शब्दशः खरं होतं.

आणि नात पुढे म्हणाली, याची अंडी आणि साध्या जंतांची अंडी दिसायला अगदी सारखी. डीएनए वाचल्याशिवाय अंड्यावरून जात कळतच नाही. "त्या काळी कुणालाच ओळखता आलं नसतं. तुमचा काही दोष नाही, आजोबा." दाजी, त्या वाक्याने मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! परतताना बसमध्ये मी मोठ्याने कविता म्हटली. तेव्हा दोष तुमचा नव्हता, माझाही नव्हता. दोष काळाचा होता. अहवाल सोबत जोडला आहे. अक्कालाही दाखवा.

आपला आज्ञाधारक (आज्ञा मोडायचं वय सरल्यामुळे) मेव्हणा

ता. क. अहवालाची एक प्रत घेऊन मी घोडेस्वारीच्या शाळेतही गेलो होतो. मालकांचा मुलगा आता तिथे बसतो. त्याने तो दोनदा वाचला, मला पाणी दिलं आणि विचारलं, "कोण आत्याबाई?"

ता. क. पुन्हा. अक्का, दाजींच्या डोळ्यांमुळे पत्रं तूच वाचून दाखवतेस, हे मला ठाऊक आहे. आता इथून पुढचंही वाच. दाजींनी तो डबा आणला त्या दुपारी जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मला कविता म्हणायची होती. उशीर होत होता. मी काच लावलीच नाही. 'अगदी थोडे' हे मागच्या महिन्याचं होतं, ते बघून उतरवलं आणि निघालो. डबा दुसऱ्या दिवशी तसाच ओतून टाकला. अंडी कुठल्या जातीची ते मला कळलं नसतं हे खरं. पण किती आहेत ते कळलं असतं, आणि खूप असती तर औषध त्याच संध्याकाळी गेलं असतं. घोडी कदाचित वाचली नसतीही. पण दाजींवर ओल्या चाऱ्याचा आळ आला नसता. नातीला हे सांगायचं माझ्याने झालं नाही. मेळाव्यात मी चौथ्या कडव्यावर अडखळलो, तेही सांगून टाकतो.

हे गाळू नकोस, अक्का. त्यांना वाचून दाखव आणि ते काय म्हणाले ते मला लिही. शिवी दिली तर शिवीच लिही, सौम्य करू नकोस. काहीच बोलले नाहीत, तर किती वेळ बोलले नाहीत, ते लिही.