चंद्रावरची माणसं मालवणी कशी बोलली

बाबा, चंद्रावर कोणी राहत नाही, हे आता नक्की झालं. माणसं तिथे गेली, फिरली, माती घेऊन परत आली. शेजारच्यांच्या रेडिओवर बातमी लागली तेव्हा आई पडवीत सुक्या बांगड्यांची डोकी मोडत बसली होती. हात न थांबवता तिने विचारलं, "थंय कोण गावलां काय तेंका?" म्हटलं, कोण नाय गो, नुसती धूळ. तर म्हणाली, "नीट बघूक नाय आसतले," आणि पुढच्या बांगड्याचं डोकं मोडलं. मला हसू आलं, आणि मग ते मध्येच कुठेतरी अडकलं. म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा आपण एका घरात राहत होतो, त्यामुळे पत्राचं काम नव्हतं, आणि बोलायची तर तुमची सवयच नव्हती.

रशियाने आकाशात कुत्री सोडली त्या वर्षी अख्ख्या मालवणात सायन्सचे मास्तर तुम्ही एकटेच आहात असं लोक वागत होते. बाजारात मासे घेताना तुम्हाला गाठून विचारायचे, मास्तर, ती वरून पडणा कशी नाय? सांगून कोणाला पटेना. मग एका सुट्टीत तुम्ही कुडाळकडे जाऊन चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघून आलात, आणि घरी येऊन पुठ्ठे कापायला बसलात. हातापायांचे सांधे दोऱ्याने बांधलेले, पाठीला बांबूची काडी. शनिवारी दिवेलागणीला पडवीत तुमचं धुतलेलं धोतर ताणून बांधायचं, मागे गॅसबत्ती, आणि पुढे आळीतली सगळी पोरं. गोष्ट म्हणजे मालवणातून कौलं घेऊन निघालेला एक शिडाचा पडाव वादळात सापडतो आणि सरळ चंद्राला जाऊन लागतो. पडावावर तीन जण. एक पोट सुटलेला तांडेल, एक आचारी ज्याची आमटी दर शनिवारी करपायची, आणि गोव्याला लग्न लावायला निघालेला एक भट. हे तिघे मालवणीत भांडायचे. चंद्रावरचे लोक मात्र लांब मानेचे, आणि बोलायचे थेट मामलेदार कचेरीतल्यासारखं. "आपला अर्ज प्राप्त झाला. आपण उद्या यावे." तांडेल खूश होऊन आडवा व्हायचा. मग कोणीतरी त्याला सांगायचं की चंद्रावर रात्र पडली की उद्या उजाडायला पंधरवडा लागतो, आणि तांडेल जी बोंब मारायचा ती बंदरापर्यंत जायची. तो आवाज तुमचा होता हे मला ठाऊक होतं, पण पटत नव्हतं. धोतराच्या अलीकडे तुम्ही मला कधी हसवलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही पोरं देवळाच्या पायरीवर जमायचो आणि कालच्या खेळाचा कीस पाडायचो. खेळापेक्षा ते मोठं होतं, असं मला आता वाटतं. पोस्टमास्तरांचा झील, आमच्यातलाच एक पोरगा, चुका काढण्यात पटाईत. एकदा तो अगदी धावत आला. "मास्तर चुकले! आचाऱ्याचो डावो हात मोडलेलो. काल उजवो बांधलेलो होतो! माझ्या डोळ्यांनी बघलंय!" मी म्हटलं, तुझ्या तोंडार शिरा पडो, मास्तर चुकूचे नाय. पण बघितलं मीही होतं. शेवटी धीर करून तुमच्याकडेच आले. तुम्ही वह्या तपासत होतात. मान वर न करता आचाऱ्याचा पुठ्ठा उचललात, भिंतीवरच्या उन्हात धरलात, आणि नुसता उलटा फिरवलात. हात या बाजूचा त्या बाजूला गेला. "सावलेक डावां-उजवां नसता. आदी बघूक शिक, मगे बोट दाखय." बस, एवढंच. मी मान खाली घालून बाहेर आले. पण त्या दिवसापासून माझी एक श्रद्धाच बसली, की तुमच्या खेळात चूक म्हणून दिसते ती चूक नसते, तिच्यामागे काहीतरी असतं, फक्त आपल्याला बघता यायला पाहिजे.

म्हणून पुढे जेव्हा भटाचं ते झालं तेव्हा मी जराही डगमगले नाही. एका शनिवारी तुम्ही भटाला पडावावरून खाली ढकललात. किंकाळी मारत तो धोतराच्या कडेपर्यंत गेला, गेलाच. आळीतल्या लहान पोरी रडल्या. पुढच्या शनिवारी पडदा उजळला तर भट पडावावर बसून चहा मागतोय. कोणी काही बोलत नाही, तांडेल विचारत नाही की अरे तू मेलास ना. पायरीवर नुसता गोंधळ. पोस्टमास्तरांचा झील नाचायला लागला. तेव्हा मी उभी राहून सांगितलं, "थंय वर वजन नसता. खाली असा कायच नाय, तर भट पडतलो खंय? फिरान फिरान परत पडावारच येतलो!" सगळे गप्प. मला अजून तो गप्पपणा आठवतो, इतका गोड होता. संध्याकाळी तुम्ही विहिरीवर हातपाय धूत होतात तेव्हा तुम्हाला सांगितलं, भट परत कसा आला ते मी सगळ्यांना समजावलं म्हणून. तुम्ही तांब्या हातात धरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "भट पडललो?" मी म्हटलं, होय तर, मागच्या शनिवारी. "होय होय," तुम्ही म्हणालात. "असांच. फिरान परत इलो."

दादा त्या वर्षी तुमच्याच वर्गात होता. तो पायरीवर यायचा, पण हसायचा नाही. पोस्टमास्तरांचा झील चूक काढायचा ती मजेने, दादा काढायचा ती दात आवळून. "चूक ती चूक. उगाच सारवासारव करू नको." मला त्याचा राग यायचा. तुम्ही वर्गात आठवड्यात तीनदा तोच धडा शिकवला होतात, आणि तिसऱ्यांदा पोरांनी बाकं वाजवली होती, हे त्याने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आता वाटतं, त्याला हवं होतं की कोणीतरी मोठ्या माणसाने ते मोठ्याने म्हणावं, म्हणजे त्याला एकट्याला माहीत असणं संपलं असतं.

आणि मग तो शनिवार. पडाव चंद्रावर उभा आहे, लांब मानेचा अधिकारी येतो, आम्ही त्याच्या "प्राप्त झाला"ची वाट बघतोय. आणि तो तोंड उघडतो, "काय रे मेल्यांनो, खंय होतास इतके दिवस?" आणि तांडेल, आमचा तांडेल, हात जोडून म्हणतो, "महोदय, आम्ही मार्ग चुकलो आहोत." पोरं हसून लोळली. असा हशा त्या पडवीत कधी झाला नव्हता. मीही हसले. दादा उठून आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भांडण पायरीवरून आपल्या घरात आलं. चंद्रावरची माणसं मालवणी कशी बोलतील, पोस्टमास्तरांचा झील विचारत होता, ही तरी चूक आहे की नाही? आई वाल सोलत होती. ती कधी आमच्या भांडणात पडली नव्हती, खेळही ती दारातून अर्धाच बघायची. पण त्या दिवशी तिने सूप बाजूला ठेवलं. "चूक कसली? इतके दिवस एकत्र रवले. हेंची भाषा तेंका इली, तेंची हेंका. माझी बहीण गोयांत दिली, ती आता कोकणी बोलता मां?" पोस्टमास्तरांचा झील म्हणाला, पण काकी, एका आठवड्यात? "चंद्रार आठवडो किती मोठो आसता तुका म्हायत आसा?" आईने असं ठणकावलं की तो दारापर्यंत मागे सरला. मी टाळ्या वाजवल्या. दादा खांबाला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "आये, तेंका डॉक्टराक दाखवक होया." आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "गोष्ट ती. गोष्टीक डॉक्टर कित्याक?" आणि सूप परत ओढून घेतलं. वाल सगळे सोलून झालेले होते. ती सालंच चाळत बसली.

त्यानंतरच्या शनिवारांचं काय सांगू? पडदा उजळायचा, तांडेल यायचा आणि मध्येच थांबायचा. काडी हलायची नाही. मग आतून आवाज, "आमी खंय जातंव रे?" आम्हाला वाटायचं ही नवी गंमत. आम्ही ओरडायचो, "चंद्रार! चंद्रार!" "बरां," तांडेल म्हणायचा, आणि पडाव सुटायचा. "ह्यो कोण?" "आचारी! आमटी करपली तेची!" "मगे आता काय जाला?" आणि तीसेक पोरं एका दमात मागच्या शनिवारचं सगळं सांगायची, कोणी चुकलं तर दुसरं त्याला दाबायचं, पोस्टमास्तरांचा झील सगळ्यात पुढे, कारण त्याला प्रत्येक तपशील पाठ होता. कोणता हात, कोणता खिसा, कोण कोणाशी काय बोललं. आम्ही सांगायचो तसे तुम्ही पुठ्ठे हलवायचात. आई शनिवारी दुपारीच घरोघर जाऊन यायची. "येतलास मां रे? सगळे येवा. खाजा आणलेला आसा." एक पोर कमी दिसलं तर तिचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं आईला अखेर खेळ आवडायला लागला.

दिवाळीनंतर शाळेने तुम्हाला विश्रांती घ्यायला सांगितलं. दादा तुम्हाला मिरजेला घेऊन गेला, तिथल्या डॉक्टरांनी डोक्यात गाठ आहे म्हणून सांगितलं आणि काही करण्यासारखं नाही म्हणूनही सांगितलं. तुम्ही परत आलात ते वाणसामान घेऊन आल्यासारखे शांत. आणि एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. आई चुलीपुढे होती, मी तिच्या बाजूला पेज पीत होते. तुम्ही आईला म्हणालात, "क्षमा करा. आपण कोण?"

घरात तुम्ही कधी असं बोलला नव्हतात. ही शाळेतली भाषा होती, साहेबाशी बोलायची, परक्या माणसाशी. आईने फुंकणी खाली ठेवली. ती शाळेत गेली नव्हती. कचेरीत कधी काम पडलं तर ती तुम्हालाच पुढे करायची, कारण तिला ते बोलणं जमायचं नाही आणि लाज वाटायची. मला वाटलं ती आता रडेल, किंवा ओरडेल, मी तुमची बायल, तुमका दिसणा नाय काय. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी इथलीच आसा... आहे. आपण बसावा. पेज गरम हाये." तुम्ही हसलात. "आभारी आहे," म्हणालात, आणि पाटावर बसलात. त्या दिवसापासून आई तुमच्याशी तसंच बोलली, शेवटपर्यंत. "आपण जेवून घ्यावा." "आपल्याला थंडी वाजते काय?" लिंगं चुकायची, मध्येच मालवणी घुसायचं. ही भाषा तिने कुठून उचलली हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. दारातून अर्धा खेळ बघून. आपल्या स्वयंपाकघरात आई चंद्रावरचं बोलत होती, आणि दादा, जो चूक ती चूक म्हणायचा, त्याने तिची एकही चूक काढली नाही.

तुम्ही गेलात तो शनिवार नव्हता. असता तर मी त्याचंही काहीतरी केलं असतं. मी हल्ली गोष्टी लिहिते, दोनचार छापूनही आल्या. माझी माणसं मरतात आणि पुढच्या पानावर चहा मागतात. दादाला ते आवडत नाही. तो आता मुंबईला असतो, आला की म्हणतो, तो आजार होता, त्याची तू कला करू नकोस. आई म्हणते, आजार शेवटी शेवटी, आदी तेंनी मुद्दामच केलेला, पोरांका बोलतां करूक. दोघं यावर अजून भांडतात, जेवता जेवता. मला विचारतात तेव्हा मी कोणाच्याच बाजूने बोलत नाही. दादाचं खरं आहे, हे मला कळतं. कळून मी काय करू ते कळत नाही.

तुम्हाला ठाऊक नाही ते एवढंच सांगायचं होतं, आणि तेही हा कागद कोणाला दाखवणार नाही म्हणून सांगतेय. शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी तुम्हाला पाणी घेऊन आले. तुम्ही पडवीत बसला होतात. मला म्हणालात, "बस, बाळ. कितवीत आहेस?" मी म्हटलं, सातवीत. "कोणाची मुलगी?" म्हटलं, मास्तरांची. "कोणत्या मास्तरांची?" सायन्सच्या. "बरे शिकवतात का?" मी म्हटलं, बरे शिकवतात, पण घरी बोलत नाहीत. तुम्ही विचार केलात, अगदी मनापासून, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "मास्तर लोकांचं तसंच असतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना तू आवडत असणार." दुसऱ्या दिवशी मी परत पाणी घेऊन गेले. तहान लागली आहे का हे न विचारताच. तुम्ही परत विचारलंत, कितवीत आहेस. मी रोज जात राहिले. आई आत रडायची, दादा कोणाशी बोलायचा नाही, आणि बाबा, मला मात्र ते दिवस आवडत होते.