मागच्या दाराची बारा कार्डं

१ एप्रिल, मंगळवार

नोकरी लागली! तारीख बघून कुणी हसेल, पण खरंच लागली. सकाळच्या एसटीनं कळंबहून धाराशिवला आलो आणि दुपारी गळ्यात ओळखपत्र. इमारत सात मजली, खाली दुकानं, वर घरं. माझं काम फायरची दारं सांभाळायचं. आग लागली की धूर अडवणारी ही जाड लोखंडी दारं, एकूण सोळा. मजल्यांवरची आपोआप मिटली पाहिजेत, आणि जिन्याच्या तळाचं, मागच्या अंगणात निघणारं दार आतून दांडा ढकलताच उघडलं पाहिजे. पाव्हणे म्हणतील, अमरदीप दारं उघडझाप करायचा पगार घेतो. म्हणोत बापडे.

पाचव्या मजल्यावर राहायला खोलीही दिली. जूनमध्ये ओवीचं नाव इथल्याच शाळेत घालायचं, म्हणजे दीक्षा आणि ओवी, दोघी मायलेकी कायमच्या इथं. निघताना ओवीनं तिच्या पैंजणाचं तुटकं घुंगरू माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं. चाललो की छुमछुम वाजतं. दुकानदार आत्ताच हसायला लागलेत.

२ एप्रिल, बुधवार

सेक्रेटरी वसंतराव. निवृत्त मास्तर, मूळचे तुळजापूरचे, माणूस मऊ. त्यांनी चहा मागवला आणि समोर कार्डांचा गठ्ठा ठेवला. प्रत्येक दाराला महिन्याला एक तपासणी कार्ड. म्हणाले, वर्षभराच्या सह्या आत्ताच करून टाका, कुणी बघायला आलं तर आपलं काम चोख दिसावं. तुमच्या आधीचे मच्छिंद्ररावही असंच करायचे.

सोळा दारं, बारा महिने. प्रत्येकावर ‘दार ठीक’ आणि सही. शेवटी शेवटी माझं अमरदीप नुसतं वळवळणारं गांडूळ झालं. दारं अजून नीट पाहिलीही नव्हती. बघू की सावकाश, दारं काय पळून जातात?

९ एप्रिल, बुधवार

आज एक गंमत. गंमतच म्हणायची.

दुपारी पावणेचारला मागच्या अंगणातून तळाचं दार बघायला गेलो. किल्ली कुलपात घातली, जराशी मऊ फिरलीही, आणि आतून ठकठक ऐकू आली. अगदी खालून, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून. दोन जवळजवळ, मग एक. जुडग्यानं मीही तीनदा ठोकून विचारलं, कोण आहे? उत्तर नाही. मग प्रशिक्षणात शिकवलेलं आठवलं: उघडण्याआधी दाराला हाताची मागची बाजू लावा, गरम लागलं तर उघडू नका. लावली. चटका बसला. ऊन म्हणावं तर त्या अंगणात शेजारच्या इमारतीची सावली असते दिवसभर.

नियम म्हणजे नियम. किल्ली काढून घेतली आणि पळत पुढून आत गेलो, वसंतरावांना घेऊन जिन्यानं खाली उतरलो. जिना रिकामा. दार थंडगार. वसंतराव म्हणाले, ऊन लागलं असेल तुम्हाला, ताक घ्या.

ताक घेतलं. आमची ओवी घराचं दार अशीच वाजवते, दोन आणि एक. लेकीची आठवण येते, दुसरं काय.

११ एप्रिल, शुक्रवार

तळाचं दार आज पहिल्यांदा आतल्या बाजूनं तपासलं. दांडा गंजून गच्च बसलाय. छातीनं ढकललं तरी हलत नाही. म्हणजे आग लागली तर सात मजल्यांची माणसं इथवर येणार आणि इथंच अडकणार. आणि वर माझी सही, दार ठीक! स्वतःचीच लाज वाटली.

दुपारभर बसून दांडा खोलला, घासला, तेल दिलं. दहादा ढकलून पाहिला, दहाही वेळा उघडला. आता झोप लागेल.

१२ एप्रिल, शनिवार

दांडा पुन्हा गच्च. तोच गंज, तेलाचा थेंबही नाही. बाहेरून किल्ली जाते, पण फिरत नाही. नऊ तारखेला मऊ फिरत होती.

पावणेचारला पुन्हा ठकठक.

१६ एप्रिल, बुधवार

भीमजयंतीला घरी गेलो नाही. चार वेळा दांडा दुरुस्त केला. चारही वेळा सकाळी होता तसा. कार्डावर ‘दार ठीक’ खोडून ‘नादुरुस्त’ लिहिलं. आज बघतो तर खाडाखोड नाही, नुसतं ‘दार ठीक’, खाली माझं गांडूळ.

वसंतरावांकडे गेलो. ते चिडले नाहीत, तेच वाईट. कार्ड दाखवून म्हणाले, तुम्हीच तर ठीक लिहिलंय.

१९ एप्रिल, शनिवार

झाडलोट करणाऱ्या पुतळाबाईंना विचारलं. मग झाडू भिंतीला टेकवून म्हणाल्या, “मच्छिंद्रला बी ऐकू यायचं. लई दारावर मेहनत घेतली त्यानं. मंग परंड्याहून म्हातारीला आणलं, आन् दिवाळीत खालच्या दुकानातली बॅटरी जळली. दोगं त्या दाराच्या आत घावले. जिमिनीवर झोपलेले. तवापासून आवाज न्हवता बगा.”

आता मला ऐकू येतो का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि झाडू उचलला.

म्हणजे मच्छिंद्रराव आणि त्यांची आई. अडकून राहिलेत बिचारे. मी तिथं मेणबत्ती लावून त्रिसरण म्हटलं. भीती वाटते हे इथं लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला सांगणार?

२४ एप्रिल, गुरुवार

रोज पावणेचार. मच्छिंद्ररावांची म्हातारी दार असं का वाजवेल? दोन जवळजवळ. मग एक.

दीक्षाला फोन केला. म्हणालो, येऊ नका, ओवीला कळंबलाच राहू दे. कारण विचारलं. सांगता आलं नाही. मग ओवीनं फोन घेतला आणि मी मागं शिकवलेलं घडाघडा म्हणून दाखवलं: आग लागली तर लिफ्ट नाही, जिना, धूर असला तर जमिनीलगत सरपटायचं, दार खालून वाजवायचं. पाठ आहे पोरीला. शाबास म्हणालो.

२ मे, शुक्रवार

दार बिजागऱ्यांतून काढलं. अंगणात आडवं ठेवलं. दोन तासांनी जागेवर. पुतळाबाई म्हणतात, तूच बसवलंस की, आत्ताच, म्या बगितलं.

मी तेव्हा सातव्या मजल्यावर होतो.

३ मे, शनिवार

राजीनामा दिला. वसंतराव म्हणाले, महिना थांबावं लागेल. थांबणार नाही. बुद्धपौर्णिमेला घरी, मग परत येणारच नाही. बारा तारीख. नऊच दिवस.

१२ मे, सोमवार. सकाळ

पिशवी भरली. दहाची गाडी.

दारावर टकटक झाली. दोन आणि एक. उघडलं तर ओवी. मागं दीक्षा, हातात खिरीचा डबा. मी येऊ नका म्हणतोय म्हणजे काहीतरी लपवतोय, म्हणून न सांगता आली. डोळे रडून सुजलेले. मी हसलो, जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

ओवीला प्रवासात ताप भरलाय. उतरला की संध्याकाळच्या गाडीनं तिघंही जाऊ. तोवर खोलीतून हलायचं नाही, असं दोघींना बजावलं.

दुपार

साडेतीनला औषध आणायला गेलो. दहा मिनिटं. परत येतो तो दुकानातून धूर. पहिल्या मजल्याचं दार कुणी वरवंटा लावून उघडं ठेवलेलं, सगळा धूर जिन्यात. वर खोली रिकामी. लिफ्ट नाही, जिना. पाठ आहे पोरीला —

मागोमाग उतरलो. सापडल्या. तळाशी. दांडा हलत नाही. वरचं आता दिसतच नाही. इथं रेंज नाही. खांदा मोडला बहुतेक. दीक्षा ओवीच्या तोंडाला ओली ओढणी लावून —

जमिनीलगत थोडी हवा आहे. टॉर्चच्या उजेडात लिहितोय. कुणी वाचलं तर, कार्डं मी न बघता —

ओरडवत नाही. दार तापलंय. ओवी वाजवतेय. दोन. एक.

बाहेर कुणीतरी आलं! छुमछुम —

माझं जुडगं माझ्या मुठीत आहे. हलवलेलं नाही.

किल्ली कुलपात शिरली. जुडग्यानं तीनदा ठोकलं. ओवी म्हणते, बाबा, आले ते, उघडतील आता. मी तिला काय —

आता तो हाताची मागची बाजू लावेल. ठोका, दीक्षा, जोरात ठोका. अरे फिरव, तुझी नऊ तारीख आहे, आज फिरते ती, आजच फिरते, फिरव —

किल्ली काढली त्यानं. छुमछुम लांब —